जॅमच्या बरण्या परत पाठवत आहे

ता. १८ ऑगस्ट

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं खोकं काल पोचलं. दरवर्षीप्रमाणे ब्लॅकबेरीचा जॅम, दरवर्षीप्रमाणे वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आणि दरवर्षीप्रमाणे खोकं उघडायच्या आधीच तुमच्या भावाच्या हातात चमचा. तो चमचा मी काढून घेतला आणि जॅमच्या बरण्या परत पाठवत आहे. मनाला लावून घेऊ नका. आधी पत्र पूर्ण वाचा, मग मला काय बोलायचं ते बोला.

ह्यांना साखर निघाली आहे, आणि थोडीथोडकी नाही. नवीन बुटाने टाचेला फोड आला होता, तो महिना उलटला तरी भरेना. मी म्हणत होते दाखवा, हे म्हणत होते बूट सैल झाला की बरं होईल. शेवटी हाताला धरून नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि विचारलं, की दिवसभरात गोड किती खाता. हे म्हणाले, मी बेकरीवाला, मी खात नाही, नुसतं चाखतो. बाई म्हणाल्या, बरं, काय काय चाखता ते सांगा. ताई, ह्यांनी पहाटेच्या गोड बनपासून सुरुवात केली आणि दुपारच्या क्रीम रोलपर्यंत पोचेस्तोवर बाईंनी लिहिणं सोडून पेन खाली ठेवलं होतं.

बाईंनी स्पष्ट सांगितलं आहे. नोव्हेंबरात पुन्हा रिपोर्ट काढायचा. तोवर साखर उतरली तर ठीक, नाहीतर भट्टीपासून लांब व्हा. टाच अशीच राहिली तर पुढे पायाचं काय होऊ शकतं तेही सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, माझा हात चालत नाही.

तेव्हा मी ठरवलं आहे. शेजारचा चष्मेवाला कधीपासून आपला गाळा मागतो आहे. त्याला सांगून टाकलं, की नोव्हेंबरात ह्यांचा रिपोर्ट वाईट आला तर गाळा तुझा. गाळा माझ्या नावावर आहे, त्यामुळे ह्यांना आदळआपट करण्यापलीकडे काही करता येत नाही. ते ऐकल्यापासून हे माझ्याशी अहो-जाहो करून बोलतात. काल गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाले, की बाईसाहेब, जरा पावाचा ट्रे सरकवता का. करू देत. बेकरी गेली तर रडतील, पण दोन पायांवर उभे राहून रडतील.

सहा बरण्यांपैकी चार परत येत आहेत. एकीचं झाकण वाटेत सैल झालं होतं, ती परत पाठवली असती तर टपालभर सांडली असती, म्हणून संपवून टाकली. सहावी सापडत नाही. तुम्ही पाचच घातल्या असतील.

कळावे. साखर सोडून बाकी सर्व बाबतींत लोभ वाढता ठेवावा.

आपली भावजय


ता. २५ ऑगस्ट

चि. गोड्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. रागाने लिहिले आहेत, तरी लागू पडोत.

वहिनीचं पत्र वाचलं आणि शिवणाच्या मशीनवरून उठून पाणी प्यायले. अरे, तुला काही अक्कल? लहानपणी आई कामाला गेली की तू साखरेच्या डब्याशी जाऊन बसायचास, म्हणून तुझं नाव गोड्या पडलं. तेव्हा मी डबा वरच्या फळीवर ठेवायची. आता तुला फळी पुरत नाही, म्हणून तुझ्या बायकोने दुकानच उचलायचं ठरवलंय. तिचं काही चुकलेलं नाही. तुझ्या टाचेचं वाचलं. मला एकच भाऊ आहे आणि तो मला अख्खा हवा.

पण बेकरीही जायला नको. भट्टीशिवाय तू घरात बसलास तर वहिनीला वेड लागेल, आणि मग ती तुला माझ्याकडे पाठवेल. तेव्हा मी या कामात लक्ष घातलं आहे.

मागच्या कुंपणावर यंदा ब्लॅकबेरीला नुसता ऊत आलाय. हात घालावा तिथे काटा आणि काट्यामागे फळ. तोडून तोडून माझी बोटं जांभळी झाली आहेत. वकिलीणबाईंच्या पांढऱ्या पडद्यावर परवा शिवताना अंगठा उमटला. मी म्हटलं, ही नवीन नक्षी आहे. तिने दुसऱ्या पडद्यावरही मागितली. निम्मी फळं दारूला लागली. जिन्याखाली मोठी काचेची बरणी भरून ठेवली आहे, ती दिवसरात्र गुडगुडते आणि मला सोबत होते. उरलेली निम्मी फ्रीजरमध्ये आहेत, ती तुझी.

वरच्या मजल्यावर कसरत शिकवणारी एक मुलगी राहायला आली आहे. ती साखर, मैदा, बटाटा यांतलं काहीही खात नाही आणि तरी हसतमुख असते, हे मी स्वतः पाहिलं आहे. तिने सांगितलं, की याला लो-कार्ब म्हणतात. ब्लॅकबेरीत मुळात साखर थोडी, जॅममध्ये असते ती आपण ओतलेली. मैद्याच्या जागी बदामाची पूड घ्यायची, आणि अंडी, लोणी, साय मात्र हवी तेवढी. मला वाटलं, एवढंच ना. काल केक केला. साखरेच्या जागी काहीच घातलं नाही. निम्मा तुला पाठवत आहे. निम्मा मी चाखला आणि कसरतवालीला दिला. ती तेव्हाही हसत होती, पण जरा कमी.

वहिनीला सांग, की चार बरण्या लिहिल्यात आणि पोचल्या तीन. टपालखात्यालाही गोड आवडत असावं.

माझा लोभ आहेच, तो वजन करून घे आणि दिवसातून एकदाच चाख.

तुझी,
ताई


ता. ३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विनंती एकच, मला इथून सोडव.

घरात गोड नावाची वस्तू राहिलेली नाही. बेकरीतलं साखरेचं पोतं हिने लोखंडी कपाटात ठेवलं आहे आणि किल्ली गळ्यात. मला लागेल तेवढी साखर मोजून देते आणि ती पिठात मिसळेपर्यंत समोर उभी राहते, जणू मी बँकेत दरोडा घालणार आहे. केक झाला की कडेचे तुकडे, मोडकी बिस्किटं, क्रीम लागलेलं भांडं, जे जे मी आयुष्यभर चाखत आलो ते सगळं उचलून आत नेते. स्वतःच्या भट्टीसमोर मी परक्यासारखा उभा असतो. काल एका आजींनी विचारलं, की आजचा मनुक्यांचा पाव कसा झालाय. मला सांगता येईना. बेकरीवाल्याला स्वतःचा पाव कसा झालाय ते सांगता येऊ नये, यापेक्षा मानहानी कोणती?

तुझा केक मिळाला. तुझ्याबद्दल आदर आहे म्हणून त्याला केक म्हणतो. सुरी चालेना, तेव्हा करवतीच्या दातांची पाव कापायची सुरी घेतली. आत बिया, बाहेर बिया, आणि आंबट असा, की उजवा डोळा आपोआप मिटला. तरी दोन तुकडे खाल्ले, कारण तू केलास.

ताई, साखर नुसती गोडीला नसते गं. ती ओल धरते, वरून रंग आणते, अंड्याचा फेस उभा ठेवते. तिला घराबाहेर काढलंस तर तिची कामं कोणीतरी केली पाहिजेत. तेव्हा असं कर. अंड्यातलं पांढरं वेगळं काढून फेस घट्ट कर आणि शेवटी हलक्या हाताने मिसळ. बदामाची पूड चाळून घे, जाडीभरडी राहिली की केक बसतो. निम्मी फळं मंद आचेवर आटव, गाळणीवर घासून बिया काढ, त्यात लिंबाची साल किसून टाक आणि चिमूटभर मीठ. मिठाने आंबटपणा दबतो. निम्मी फळं अख्खी वरून लाव. आणि कृपा करून ओव्हनचं दार मध्येच उघडून बघू नकोस, तुला ती खोड आहे.

आता खरी गोष्ट, आणि ही हिला कळवू नकोस. सहावी बरणी माझ्याकडे आहे. खात नाहीये, शप्पथ. मला एक युक्ती सुचली आहे. तुझ्या दारूत तू एवढी साखर ओततेस, आणि शेवटी ती दारू इतकी कडक कोरडी होते की गोडीचा मागमूस राहत नाही. का? तर यीस्ट साखर खातं. आणि यीस्ट माझ्याकडे पोत्याने आहे! मग जॅममधली साखर यीस्टलाच का खाऊ घालू नये? साखर ते खाईल, फळ मी खाईन. जॅम कोमट पाण्यात सैल केला, यीस्ट घातलं, झाकण गच्च लावलं आणि बरणी पीठ फुगवायच्या उबदार कपाटात मागे दडवून ठेवली आहे. जगात हे आजवर कोणालाच कसं सुचलं नाही, याचंच मला नवल वाटतं.

नोव्हेंबर जवळ येतो आहे. चष्मेवाला येता-जाता माझ्या भिंतींकडे बघतो. तुझा लोभ हीच सध्या मला परवानगी असलेली एकमेव गोड वस्तू, ती कमी करू नकोस.

तुझा,
गोड्या


ता. ७ सप्टेंबर

चि. गोड्यास,
आशीर्वाद नंतर. आधी झाकण उघड!

अरे शहाण्या, यीस्ट साखर खातं ते फुकट खात नाही. खाल्लेल्या साखरेची ते दारू करतं आणि वर हवा सोडतं. पिठात तीच हवा तुझे पाव फुगवते, हे मी तुला सांगायचं? माझ्या बरणीच्या तोंडाला वाकडी नळी कशाला लावली आहे, शोभेला? ती हवा बाहेर जायला वाट ठेवावी लागते. तुझ्या बरणीला वाट नाही, आणि वर तिला तू उबेत ठेवलीस.

तोंड फडक्याने झाकून, लांब उभा राहून, हळूहळू सैल कर. आणि आतलं चाखू नकोस. सगळी साखर संपलेली नसणार, आणि संपली असेल तितकी चढेल.

पत्र घाईत टाकते आहे. देव तुझ्या भिंतींचं रक्षण करो.

ताई


ता. ९ सप्टेंबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

झाकण सैल करायचं तुमचं पत्र आज दुपारच्या टपालाने आलं. बरणी सकाळीच फुटली.

सविस्तर लिहिते, कारण तुमच्या भावाला आज लिहिता येण्यासारखं नाही. काल दुपारपासूनच ते मला जरा वेगळे वाटत होते. गल्ल्यावर उभं राहून गाणं म्हणत होते. ताई, लग्न झाल्यापासून मी ह्यांना गाताना ऐकलेलं नाही, आणि आता कळलं की ते बरंच होतं. पोस्टमनला फुकट पाव दिला आणि वर मिठी मारली. मला एकदम अगं-तुगं करून म्हणाले, की तू फार चांगली बाई आहेस, पण तुझ्याजवळ शास्त्रीय दृष्टी नाही. मला वाटलं, औषधाचा परिणाम असेल. प्रयोगाची तपासणी म्हणून वाटीभर खाऊन झाली होती आणि झाकण पुन्हा गच्च लावून ठेवलं होतं, हे नंतर कळलं.

आज सकाळी आरोग्य खात्याचे निरीक्षक आले. पांढरा शर्ट, हातात कागद अडकवलेली फळी, मागे मी. भट्टी बघितली, ओटे बघितले, समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, की इतकी स्वच्छ बेकरी मी या रस्त्यावर पाहिली नाही. मग पीठ फुगवायच्या कपाटाकडे वळले. त्यांनी दाराला हात लावायला आणि आत धडाका व्हायला एकच गाठ पडली. दार उघडलं, आणि काचा आतच राहिल्या म्हणून बरं, पण जॅम बाहेर आला. छताला, पिठाच्या पोत्यांना, साहेबांना. मग साहेबांनी ओठाला लागलेलं जिभेने पुसलं आणि विचारलं, की हे विकता का.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्यांनी रंग द्यायला आठवड्याची मुदत दिली आणि जाताना शर्ट कशाने धुवायचा ते विचारून गेले. माणूस सज्जन. पण मी चष्मेवाल्याला सोमवारी मापं घ्यायला बोलावलं आहे. पुरे झालं. ह्या माणसाला साखरेपासून लांब ठेवायला मी एकटी कुठे कुठे पुरी पडू? कोंड्याच्या डब्यात लपवलेले चार क्रीम रोल सापडले, तेही मलाच निस्तरावे लागले. चांगलं लोणी, चांगलं क्रीम, टाकवत तर नाही.

ह्या धावपळीने माझं अंग नुसतं मोडून येतं. दिवसभर पाणी पिते तरी घसा कोरडाच. बिलावरचे आकडे पुसट दिसायला लागले म्हणून चष्मेवाल्याकडून नंबर तपासून घेतला, त्याने वाढवून दिला. काळजीने माणूस आंधळा होतो म्हणतात ते खोटं नाही.

तुमच्यावर राग नाही, म्हणून लोभ असावा अशी विनंती करते. ह्यांच्या वतीने करत नाही.

आपली भावजय


ता. १६ सप्टेंबर

सौ. वहिनीस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग लाजले, मग पुन्हा हसले. क्षमा कर. तो निरीक्षक डोळ्यांसमोरून हलत नाही.

आता जरा गंभीरपणे. माझा भाऊ मूर्ख आहे, ही गोष्ट मला तुझ्या आधीपासून ठाऊक आहे. पण अगं, या वेळचा मूर्खपणा साखर खाण्यासाठी नव्हता, साखर घालवण्यासाठी होता. द्राविडी प्राणायाम केला त्याने, पण केला तर खरा. तेव्हा त्याला नोव्हेंबरपर्यंत मुदत दे. मापं घ्यायला आलेल्या चष्मेवाल्याला घेऊ देत मापं, भिंती कुठे पळून जात नाहीत.

त्याने सांगितल्याप्रमाणे मी दुसरा केक केला. फेस वेगळा, पूड चाळलेली, बिया काढलेल्या. ओव्हनचं दार एकदाच उघडलं. आणि वहिनी, तो केक झाला! गोड नाही म्हणता येणार, पण खाल्ल्यावर जिभेला बरं वाटतं आणि दुसरा तुकडा घ्यावासा वाटतो. कसरतवाली तीनदा जिना उतरून आली. मला बनवता येतं म्हणजे तुझ्या नवऱ्याला कितीतरी चांगलं येईल. त्याला चोरासारखं राखू नकोस, कामाला लाव. फ्रीजरमधली फळं बर्फात घालून पाठवत आहे.

आणि तू स्वतः जरा आराम कर. घसा कोरडा पडतो तर उगाच ओरडू नकोस त्याच्यावर, लिहून दे.

नणंद म्हणून तुझ्यावर दरारा ठेवायला हवा, पण ते मला कधी जमलं नाही. लोभ मात्र जमला आहे, तो ठेवून घे.

तुझी,
ताई


ता. १४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

छत पांढरं झालं. एका कोपऱ्यात जांभळा डाग वर येतोच आहे, तीन हात दिले तरी. रंगारी म्हणतो, की ही बाई कोण, हिच्या फळाचा रंग मला विकत द्या.

तुझी फळं पोचली आणि मी कामाला लागलो. आधी हिने परवानगी दिली, तुझ्या पत्राचा गुण. मग मी पहाटेचे पाव भट्टीत गेले की रोज एक प्रयोग करायला लागलो. दही फडक्यात रात्रभर टांगून घट्ट केलं, त्यात अंडी आणि थोडी साय, खाली बदाम आणि लोण्याचा पातळ थर, वर आटवलेली ब्लॅकबेरी. मंद भट्टीत, पाण्याच्या ट्रेमध्ये. पहिला चिरला, दुसरा रडला, म्हणजे पाणी सुटलं, तिसरा उभा राहिला. ताई, तुला सांगतो, साखर असताना मला फळाची चव कधी लागलीच नव्हती. ब्लॅकबेरी आधी आंबट लागते, मग जरा रानटी, आणि अगदी शेवटी, गिळल्यावर, गोड. इतकी वर्षं मी तिच्यावर साखर ओतून तिला बोलूच दिलं नाही.

काउंटरवर ठेवला. पाटी लिहिली, साखर नाही, मैदा नाही. वाटलं होतं, कुत्रंही विचारणार नाही. दुपारी संपला. आता लोक आदल्या दिवशी सांगून ठेवतात. निरीक्षकसाहेब दर शनिवारी येतात, साध्या कपड्यांत. एकटी ही तेवढी हात लावत नाही. म्हणते, साखर नसलेल्या गोडाला मी गोड म्हणत नाही, तुमची घासफूस तुम्हीच खा.

टाच भरत आली आहे. पण चष्मेवाल्याने काल पुन्हा टेप लावून भट्टीची भिंत मोजली. तिथे आरसे लावायचे म्हणाला. मी हसलो, आणि मागे जाऊन पिठाच्या पोत्यावर बसलो. मला भीती वाटते, ताई. आयुष्यभर एकच गोष्ट केली. पहाटे उठायचं, आग पेटवायची, लोकांची सकाळ व्हायच्या आत पाव तयार ठेवायचा. हे काढून घेतलं तर मी सकाळी उठायचं कशासाठी, ते मला सांगता येत नाही. आणि खरं सांगू, हिचा मला राग येतो. मी काय खातो, किती खातो, कुठे बघतो, सगळ्यावर हिची नजर. एकदाही म्हणत नाही, की तुमच्याशिवाय ही बेकरी कशी चालेल. चष्मेवाल्याला चहा मात्र देते, दोन बिस्किटांसकट.

महिना राहिला. लोभ आणि ब्लॅकबेरी, दोन्ही पाठवत राहा.

तुझा,
गोड्या


ता. ५ नोव्हेंबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

पुढच्या आठवड्यात ह्यांचं रक्त द्यायचं आहे. टाच बरी झाली, पण आतलं कोण सांगणार? मी एकही दिवस ढिलाई केली नाही, हे तुम्ही लक्षात ठेवा. हे माझ्याकडे वैऱ्यासारखं बघतात, तेही मला दिसतं. दिसू दे. वैरी म्हणून का होईना, बघायला समोर असले म्हणजे झालं.

दिसतं म्हणजे हल्ली तसं धडपणे काहीच दिसत नाही. सप्टेंबरातला नवीन चष्मा मला आता चालेनासा झाला, कधी जुनाच बरा वाटतो. चष्मेवाल्याकडे गेले तर त्याने पुन्हा तपासलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, की काकू, नंबर असा वरखाली होत नसतो, तिसरा चष्मा मी देणार नाही, आधी रक्त तपासून या. गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला. असा धंदा केला तर आपला गाळा घेऊन हा चालवणार काय?

पण आता ह्यांच्यासोबत जायचंच आहे, तर देऊन टाकते माझंही थोडं रक्त. मला काय होणार? मी गोडाची खाणारी नव्हेच. इथे बसल्या बसल्या दोन तांबे पाणी प्यायले, एवढी काळजी आहे ह्यांची.

ह्यांच्यासाठी प्रार्थना करा. लोभ असू द्या, आणि काही चुकलं असेल तर ते नोव्हेंबरनंतर सांगा.

आपली भावजय


ता. १५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझी साखर उतरली. चांगली उतरली, डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठून हात मिळवायला आल्या. हे पहिल्याच ओळीत लिहितो, नाहीतर राहून जाईल, कारण पत्र त्याबद्दल नाही.

बाईंनी दुसरा कागद उघडला, तो हिचा. त्यांनी तो पाहिला, माझा पाहिला, पुन्हा तो पाहिला. त्यांना वाटलं, नावांची अदलाबदल झाली. पुन्हा रक्त घेतलं. अदलाबदल नव्हती. ऑगस्टात माझा जो आकडा होता, त्याच्याही वर हिचा आकडा आहे.

बाईंनी विचारलं, की गोड किती खाता. हिने ताठ मानेने सांगितलं, की मी कुठे खाते, मी ह्यांचं संपवते. आणि मग ताई, एकेक बाहेर यायला लागलं. केकच्या कडा, मोडकी बिस्किटं, क्रीमचं भांडं, कोंड्याच्या डब्यातले चार रोल, झाकण सैल झालेली तुझी बरणी, आणि टपालात हरवलेली बरणीही, कारण खोकं बांधताना तिचंही झाकण हिला जरा सैल वाटलं होतं. तीन महिने माझ्या तोंडचं जे जे काढून घेतलं ते फेकायला हिचा जीव झाला नाही. वाया कसं घालवायचं, असं बाईंनाच उलट विचारत होती. हिला खरंच वाटत होतं, की स्वतःहून वाढून घेतलं तरच ते खाणं.

तू असतीस तर हसली असतीस. मीही हसणार होतो, तोंड उघडलंही होतं. मग हिच्याकडे बघितलं. चष्मा काढून रुमालाने पुसत होती, पुसून झाला तरी पुसतच होती. घशाची कोरड, अंग मोडून येणं, दोन चष्मे. एकाच छताखाली राहून मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. मी माझ्या भट्टीचं रडगाणं गात होतो.

तिथे बसल्या बसल्या माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की गाळा आजच्या आज देऊन टाकू, भट्टी मोडू, साखरेचा कणही हिच्या आसपास नको, पण हिला काही होऊ नये. आणि विचार येऊन गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. ऑगस्टात हिने केलं ते हेच. मला वाटत होतं, ही माझ्या बेकरीच्या मुळावर उठली आहे. ताई, मला फार लाज वाटली.

घरी न जाता सरळ चष्मेवाल्याच्या दुकानात शिरलो. म्हटलं, घे बाबा गाळा, आजच घे. तो बिचारा आनंदाने टेप शोधायला लागला. तेवढ्यात ही धापा टाकत मागून आली. टेप त्याच्या हातातून काढून घेतली आणि त्याला सुनावलं, की ठरलं होतं ते ह्यांचा रिपोर्ट वाईट आला तर, ह्यांचा चांगला आला आहे, माझ्याबद्दल काही ठरलं नव्हतं. तो म्हणाला, काकू, मीच तुम्हाला रक्त तपासायला पाठवलं. ही म्हणाली, म्हणूनच जन्मभर पाव फुकट मिळेल, गाळा मिळणार नाही. मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता माझी पाळी. खालच्या आवाजात म्हणाली, की तुमचा तो आंबट केक उद्यापासून दोन करा.

आज सकाळी दोन केले. हिला गल्ल्यामागच्या स्टुलावर बसवलं आणि मी समोर उभा राहिलो. पहिला घास घेतला आणि हिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, आंबट आहे. मी म्हटलं, हो, यंदाची फळं जरा आंबटच आहेत. मग मीही हिच्याच तुकड्यातला एक घास घेतला. बाहेर गिऱ्हाईक ताटकळत होतं, ते राहू दिलं.

फ्रीजरमधली उरलेली सगळी ब्लॅकबेरी धाडून दे. आता दोघांचा लोभ आहे, तेव्हा तुझाही दुप्पट असावा.

तुझा,
गोड्या